मूर्तींच्या हातांतील जीर्ण पत्रें

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत गणेशोत्सवाच्या आराशींत आणि दिवाळींत मुलें रचतात त्या मातीच्या किल्ल्यांवर जीं लहान चित्रें मांडलीं जातात, त्यांचें काम अलीकडे पुष्कळ सुधारलें आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. आमच्या लहानपणीं मावळा, वाणी व गवळी यांचे चेहरे एकाच साच्यांतले असत, आणि पागोट्याच्या रंगावरून कोण कोण तें ओळखावें लागे. आतां तीन इंच उंचीच्या मूर्तीच्या अंगरख्याच्या चुण्या, शेल्याची किनार, वहाणेचा अंगठा इतकें सर्व निरनिराळें रंगविलेलें आढळतें. शाडूबरोबर रेझिनच्या मूर्ति आल्या, पाण्यांत कालवतां येणारे व वाळल्यावर न सुटणारे ॲक्रिलिक रंग आले, आणि तरुण मूर्तिकारांनीं परदेशी लघुमूर्तिकारांच्या रीति पाहून त्या आत्मसात् केल्या. या कौशल्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु या मूर्तींच्या हातांत जें पत्र दिलेलें असतें त्याविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांसमोर कांहीं बोलणें जरूर वाटतें. कारण आपल्या संग्रहांतील कागदांचा नमुना म्हणून लोक त्या पत्राकडे पाहतात, आणि तो नमुना खोटा आहे.

या बाजूस आम्ही पाहिलेल्या देखाव्यांपैकीं तीनच येथें घेतों. पहिला, व्यास सांगत आहेत व गणपति महाभारत लिहीत आहे, हा नेहमींचा. दुसरा उदगीरच्या तहाचा. सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला ती ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई आतांच्या लातूर जिल्ह्यांत, उदगीर-औशाच्या टापूंत झाली. त्यामुळें हा विषय तेथील मंडळांच्या जिव्हाळ्याचा आहे. तिसरा अंबाजोगाईच्या दासोपंतांचा. अंबाजोगाई बीड जिल्ह्यांत पडते, तरी लातूरकरांस ती घरच्यासारखीच. देखावे तीन, काळ तीन, लिहिण्याचीं साधनेंही तीन प्रकारचीं. आणि तिन्ही ठिकाणीं मूर्तीच्या हातीं पत्र मात्र एकच! कॉफीच्या रंगाचें, दोन्ही टोकांस गुंडाळलेलें, कडा करपलेल्या, मधून मधून फाटलेलें, वर तपकिरी रंगाच्या नागमोडी रेघा आणि तळाशीं तांबड्या लाखेची मोठी मुद्रा. व्यासांच्या कालीं लाखेची मुद्रा कोणी कशासाठीं मारली असेल, हा प्रश्न आम्हीं तेथें उभ्या असलेल्या कार्यकर्त्यास विचारला नाहीं. त्याची भक्ति खरी होती.

हें पत्र रंगविण्याची रीत आम्ही नांदेडास एका मूर्तिकाराच्या पडवींत बसून पाहिली. प्रथम हाडासारखा फिकट रंग. तो वाळल्यावर तपकिरी रंगाचें पातळ पाणी सोडावयाचें, म्हणजे तें सुरकुत्यांत जाऊन बसतें. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग वरच्या उंचवट्यांवरून नुसता फिरवावयाचा. शेवटीं कडांना गडद तपकिरी व अगदीं टोकाला काळा. अर्ध्या तासांत पांढऱ्या रेझिनचा तुकडा शंभर वर्षांचा होतो. हस्तलाघव म्हणून हें पाहण्यासारखें आहे. परंतु जें इतक्या सफाईनें साधलें आहे तें कशाचें चित्र, हें विचारतांच अडचण सुरू होते.

पहिला आक्षेप काळाचा. गणपति लिहीत आहे. म्हणजे त्याच्या पुढचें पान त्याच क्षणीं कोरें आहे. उदगीरच्या तहाचा कागद वाचला जात आहे; म्हणजे तो त्या दिवशींचा किंवा फार तर आदल्या रात्रींचा आहे. कागदाचें जुनेपण हा त्या कागदाचा व आपला संबंध आहे. भाऊसाहेबांचा व त्या कागदाचा तो संबंध नव्हता. मूर्तीचा शेला नवा, तलवार लखलखीत, चेहऱ्यावर तारुण्य, आणि हातांतलें पत्र तेवढें अडीचशें वर्षांचें, असें कसें होईल? मूर्तिकारानें आपल्या डोळ्यांसमोरील संग्रहालयाची पेटी भाऊसाहेबांच्या हातीं दिली आहे. म्हणून रंगाची वाटी हातीं घेण्यापूर्वीं एकच गोष्ट ठरवावी: ही व्यक्ति लिहीत आहे, कीं दुसऱ्या कोणाचें जुनें लिखाण वाचीत आहे? वाड्यांत पणजोबांची पोथी उघडून बसलेला पुराणिक करावयाचा असेल, किंवा रुमाल सोडून बसलेले राजवाडे करावयाचे असतील, तर पान अवश्य जुनें असावें. तेथें तें शोभतें आणि खरेंही ठरतें.

दुसरा आक्षेप द्रव्याचा. हें जें करपलेलें पत्र आहे तें युरोपांतील चर्मपत्राची नक्कल म्हणून केलें जातें. आपल्याकडे पोथी कातड्यावर लिहिण्याचा प्रघात पडला नाहीं; शौचाशौचाचा विचार आड आला. बादशाही व निजामशाही दफ्तरांचीं फर्मानें देखील कागदावर असत, मग त्यावर सोन्याचा वर्ख कितीही उधळलेला असो. बरें, तें चर्मपत्र तरी असें दिसतें काय? खरें चर्मपत्र न कमावलेल्या कातड्याचें असून चांगलें राखलें तर शेंकडों वर्षें पिवळसर पांढरें राहतें. दमट हवेनें तें आकसतें, त्याला फुगवटे येतात, परंतु त्याच्या कडा आपोआप करपत नाहींत. करपलेल्या कडा हें नाटकाच्या व सिनेमाच्या सामानाचें लेणें आहे. म्हणजे युरोपांतही जें नाहीं, तें युरोपाचें म्हणून आपण उदगिरास आणिलें!

मग आपलें जुनें पान कसें दिसतें? हा भाग मूर्तिकारांपेक्षां संग्राहकांस अधिक ठाऊक आहे. तरी एकत्र मांडणें बरें. मराठवाड्यास कागदाचा तोटा नव्हता. दौलताबाद व खुलताबाद यांच्यामधील कागजीपुऱ्यांत कागद होई आणि दौलताबादी कागद मराठी दफ्तरांत नांवाजलेला होता. चिंध्या, तागाचे दोर, जुनीं गोणपाटें कुटून केलेल्या लगद्याचा तो कागद. त्याला खळ देऊन तो गुळगुळीत दगडानें घोटीत. त्यांतील तंतु लांब व चिवट असतात. म्हणून तीनशें वर्षांची पोथी उघडली तर आंतलीं पानें कित्येकदां साळीच्या जुन्या तांदळाच्या रंगाचीं, मऊ व अभंग निघतात. उलट यंत्रावर लांकडाच्या लगद्याचा केलेला व तुरटीची प्रक्रिया दिलेला कागद पन्नास-साठ वर्षांतच तपकिरी होऊन बोटांत चुरतो. आमचे मूर्तिकार जो रंग देतात तो या दुसऱ्या कागदाचा. व्यासांच्या हातीं त्यांनीं आजोबांच्या वेळचें वर्तमानपत्र दिलें आहे, असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

पोथीला जुनेपण येतें तें सरसकट येत नाहीं. लेखकच पोथीच्या शेवटीं आपल्यास बजावून ठेवतो कीं हिला तेलापासून, पाण्यापासून व ढिल्या बांधणीपासून जपा. जुनेपणाची सारी यादी यांतच आली. तेल म्हणजे समईचा थेंब आणि वाचणाऱ्याचा अंगठा: पान उलटतांना जेथें बोट लागतें तेथें, बहुधा खालच्या कोंपऱ्यास, एक मळकट चकाकणारा डाग पिढ्यान्पिढ्या गडद होत जातो. पाणी म्हणजे आपल्या बाजूस माळवदाची गळती. पावसाळ्यांत धाब्याची माती घेऊन उतरलेला थेंब गठ्ठ्यावर पडतो, पसरतो, आणि वाळतांना आपला मळ कांठाशीं नेऊन सोडतो. म्हणून अशा डागाचा मध्य फिकट व किनार गडद असते, आणि तोच डाग पुढल्या पानावर थोडा लहान, त्याच्या पुढल्यावर त्याहून लहान, असा उतरत जातो. ढिली बांधणी म्हणजे पाठ्यांमधून सरकून बाहेर आलेलें पान. त्याची तेवढीच कड धूर, धूळ व उजेड खाऊन काळवंडते आणि कोंपरा दुमडतो. वरचें व खालचें पान सर्वांत अधिक मळतें. कसर भोंक पाडते तें एका पानापुरतें पाडीत नाहीं, तर गठ्ठ्यांतून वांकडी वाट काढीत जाते. आणि ज्या चित्रित पोथीच्या चौकटीला जंगालाचा हिरवा रंग दिला आहे, तिचें पान नेमकें त्या हिरव्या रेघेवर तडकतें. तें तांब्याचें कार्य.

शाईचेंही तसेंच. काजळ व डिंक यांची शाई काळी ती काळीच राहते. खळ दिलेल्या व घोटलेल्या कागदावर ती वरच्यावर बसते आणि तिरप्या उजेडांत किंचित् चमकते. हिरडा व हिराकस यांची शाई कांहीं ठिकाणीं वापरीत. ती मात्र तपकिरी होते व कागद खाते. परंतु मूर्तींच्या पत्रांवरील सर्वच अक्षरें तपकिरी काढण्याचें कारण तेवढ्यानें होत नाहीं. पोथींत रंग येतो तो वेगळ्याच वाटेनें. अध्यायाची समाप्ति, उवाच व दंड हिंगुळानें तांबडे असतात. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासलेला असतो, आणि ‘हरताळ फासणें’ हा आपल्या बोलण्यांतला प्रयोग तेथूनच आला. तो हरताळ तीनशें वर्षांनींही हळदीसारखा पिवळा दिसतो. बोटभर पानावर असा एक पिवळा ठिपका योग्य जागीं पडला तर जाणता मनुष्य तेथेंच थांबेल. एकाही मूर्तींत तो आम्हांस आढळला नाहीं.

नागमोडी रेघांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. मोडी लिहिणारा प्रथम ओळीची शिरोरेषा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून घेतो व मग तिच्याखालीं अक्षरें लोंबती सोडतो. म्हणून दूर धरलेल्या मोडी पत्रांत डोळ्यांस प्रथम दिसतात त्या सरळ, एकमेकींस समांतर काळ्या रेषा, आणि त्यांच्या खालीं उजवीकडे धांवणारी वेलांटलेली जाळी. वर बरीच जागा कोरी सोडलेली असते. कागद अरुंद व लांब असतो. पुरेना झाला तर दुसरा तुकडा खळीनें जोडतात आणि मागें जोडावर शिक्का उठवितात. शिक्का शाईचा, चपटा. तांबड्या लाखेची गोल वडी फितीसह लोंबते ती विलायतेंत. फारसी तहनाम्याच्या ओळी उजवीकडून निघतात व शेवटाकडे किंचित् वर चढतात. हें सर्व तीन इंची मूर्तीच्या हातीं दाखविणें कठीण नाहीं. उलट नागमोडी रेघेपेक्षां सरळ रेघ काढणें सोपें. उदगीरच्या देखाव्यांत हें न दिसल्याचें विशेष वाईट वाटलें, कारण ज्या तहानें दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला त्याच तहाच्या चित्रांत दौलताबादी कागदाला जागा मिळूं नये!

दासोपंतांची गोष्ट याहून चमत्कारिक. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) आपलें पंचीकरण कागदावर न लिहितां पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर लिहिलें. ती पासोडी सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशी सांगतात, आणि मराठी वाङ्मयांत तिला दुसरी जोड नाहीं. मूर्तिकारास याहून मोठें भांडवल कोणतें हवें होतें? मूर्तीच्या मांडीवरून खालीं ओघळणारें, घड्या पडलेलें, पायाशीं ढीग होऊन राहिलेलें वस्त्र आणि त्यावर वांकलेला लेखक! कापड जुनें होतें तें घडीच्या रेषेवर विरतें, सुतें सुटतात, पोत दिसूं लागतो. त्याचे तुकडे कागदासारखे कोंपऱ्यांत उडत नाहींत. आम्हीं पाहिलेल्या देखाव्यांत मात्र दासोपंतांच्या हातीं वीतभर सुरळी होती आणि तिच्या कडा करपलेल्या होत्या. तुकोबांच्या इंद्रायणीच्या देखाव्यांतही वह्यांच्या जागीं अशाच सुरळ्या तरंगतांना दिसतात. काजळाची शाई पाण्यानें धुवून निघते, हें ज्यास माहीत आहे त्यालाच त्या वह्या कोरड्या निघाल्याच्या कथेचें मर्म कळतें. म्हणून तेथें बांधलेली वही व काळीं अक्षरें हवींत.

न्यायासाठीं हें सांगितलें पाहिजे कीं व्यास-गणपतीच्या देखाव्यांत तपकिरी रंगाला एक प्रामाणिक वाट आहे. तेथें भूर्जपत्र दाखवावें. भूर्जाची साल नवी असतांनाच फिकट तांबूस-तपकिरी असते, तिच्यावर आडव्या बारीक रेघा असतात आणि तिचे पापुद्रे सुटतात. मूर्तिकाराच्या कोरड्या कुंचल्यास एवढें योग्य काम दुसरें मिळणार नाहीं. ताडपत्र दाखवावयाचें तर तें लांब व अरुंद हवें आणि दोरी ओवण्यासाठीं त्याला भोंक हवें.

आतां मापाविषयीं. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य तीन इंचांत बसविला म्हणजे प्रमाण एकास बावीस पडतें. अकरा इंच लांब व पांच इंच रुंद असें पोथीचें पान घेतलें तर तें मूर्तीच्या हातीं अर्धा इंच लांब व पाव इंचाहून किंचित् कमी रुंद होईल, आणि त्यांत दहा ओळी असतील. येथें अक्षर काढण्याचा प्रश्नच नाहीं. ओळींची छटा तेवढी काढावयाची. परंतु त्याच पानाला आमचे कारागीर एक सोळांश इंच रुंदीची काळी कड देतात. ती बावीसपट केली तर सुमारें एक इंच सहा सोळांश होते. चारी बाजूंनीं इतकें जळालेलें पान कोणत्याही संग्रहांत असेल तर तें आगींतून काढलेलें असलें पाहिजे. खऱ्या जुन्या पानाची काळवंडलेली कड या प्रमाणांत केसाएवढी येते. ती गडद रंगानें न काढतां पातळ रंगाच्या एका हातानें सुचविली तरी पुरे.

कोणी म्हणेल, मूर्ति ही मूर्ति. ती पांच फुटांवरून पाहावयाची. तिच्यासाठीं इतका कीस कशास? हा युक्तिवाद आम्ही मूर्तीपुरता मान्यही केला असता. पण त्या मूर्तीनें घडविलेला डोळा घरीं परत जातो. लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत जुनें माळवद उतरवितांना भिंतींतील फडताळांतून दोन रुमाल निघाले. घरधन्यानें तपकिरी कागदांचा रुमाल देवघरांत जपून ठेवला व पांढऱ्या पानांचा, ‘हा तर नवा दिसतो’ असें म्हणून, स्वयंपाकघरांतील फळ्यांवर अंथरावयास दिला. जपलेल्या रुमालांत १९३० नंतरच्या छापील पावत्या होत्या. अंथरलेल्यांपैकीं चार पानें आमच्या हातीं आलीं. हातकागद, घोटलेला, काजळी शाई, हिंगुळाचे दंड, आणि एका ठिकाणीं हरताळ. बाकीचीं फोडणीच्या वाफेनें व तेलानें गेलीं होतीं. ‘आम्हांला वाटलं जुनं म्हणजे जळकं असतंय,’ असें त्या सज्जन गृहस्थांनीं सांगितलें, आणि त्यांना दोष देण्यास आमची जीभ उचलली नाहीं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपांत या बाजूचीं अशीं दगडमातीचीं घरें हजारोंनीं पडलीं; जीं उरलीं तींही आतां उतरविलीं जात आहेत. प्रत्येक घरांत असा निवाडा कोणी तरी करीत असणार.

याच समजुतीचा दुसरा लाभार्थी म्हणजे बनावट सनदा विकणारा. तो कोरा कागद चहाच्या पाण्यांत बुडवितो, उन्हांत वाळवितो, मेणबत्तीवर कडा धरतो आणि आराशींतील मूर्तीच्या हातचें पत्र मोठ्या मापांत तयार करतो. संग्राहकानें अशा कागदाची घडी उघडून पाहावी. खरा घडीचा कागद बाहेरच्या पाटीवर मळलेला व आंतून स्वच्छ असतो. चहाचा रंग आंत-बाहेर सारखाच बसतो. शाई नंतर लिहिली असेल तर खळ निघून गेलेल्या कागदांत तिच्या कडा फुटलेल्या दिसतात. भोंकें असतील तर तीं शेजारच्या पानांतील भोंकांशीं जुळतात काय, तें पाहावें. आणि इतकें करूनही केवळ रूपावर भिस्त ठेवूं नये. राजवाड्यांनीं बीडच्या पाटांगणावर मिळालेल्या पोथीवरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती एकनाथांच्या १५८४ च्या शुद्ध प्रतीच्या पूर्वींची असा त्यांचा पक्ष होता, आणि त्यांनीं तो मांडला तो भाषेच्या रूपांवरून. त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, पोथी किती पिवळी आहे हा त्यांचा पुरावा नव्हता.

मूर्तिकारांनीं काय करावें हें थोडक्यांत सांगतां येतें. शुभ्र पांढरा देऊं नये. हातकागद कधींच तितका पांढरा नव्हता, आणि देखाव्याच्या दिव्यांत शुभ्र तुकडा चिकटविल्यासारखा दिसतो. तांदळाच्या रंगाची जमीन, ओळींच्या काळ्या सरळ छटा, दोन तांबडे ठिपके. पान जुनें करावयाचेंच असेल तर एका कोंपऱ्यास अंगठ्याचा डाग आणि एका बाजूनें गळतीचें किनारीचें वर्तुळ द्यावें. बाकी पान सोडून द्यावें. काळा रंग कडेस नेऊं नये.

हें सर्व आम्हीं त्या नांदेडच्या पडवींत चार खऱ्या पानांसह दाखविलें. तरुण मूर्तिकारानें पानें हातांत घेण्यापूर्वीं हात धुतले व पंच्यास पुसले, हें पाहून बरें वाटलें. बराच वेळ त्यानें तीं उजेडाकडे धरून पाहिलीं. मग म्हणाला, ‘सर, तुमचं खरंय. पण पांढरं पान ठेवलं की गिऱ्हाईक म्हणतंय, ही झेरॉक्स हाय का?’ पुढल्या आठवड्यांत त्यानें उदगीरच्या तहाची मूर्ति पुन्हां रंगवून दाखविली. कागद तांदळाच्या रंगाचा झाला होता, शिरोरेषा सरळ होत्या, लाखेची मुद्रा गेली होती आणि तिच्या जागीं शाईचा चपटा शिक्का होता. डावा खालचा कोंपरा तेवढा त्यानें करपलेला ठेवला होता. तो कां, असें विचारतां तो हंसला व म्हणाला, ‘एवढा एक राहू द्या, सर.’ आम्हीं राहूं दिला.